लेंटमध्ये मटणाऐवजी काय: सोया बडी की अख्खा मसूर?

वहिनीचा प्रश्न आलाय, लेंट म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत घरात मटण-चिकन बंद, रविवार सोडून 40 दिवस, तर इंदूरच्या सियागंज बाजारातून बडी (सोयाबीनचे सुके गोळे) भरू की मसूर?

प्रोटीन बघायचं तर बडी सरळ पुढे, सुक्या 100 ग्रॅममध्ये 50 ग्रॅमच्या आसपास, मसूरमध्ये त्याच्या निम्मं. पाकिटावरचं 'मटणासारखी चव' वगैरे सोडून द्या, चव मसाल्याचीच असते.

मेहनत मात्र बडीला जास्त. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात दोनदा घट्ट पिळा, नाहीतर तो कच्चा वास रश्शात उतरतो आणि पोरं ताट सरकवतात (आमच्याकडे पहिल्याच शुक्रवारी झालं). मसूर तासभर भिजवला, कुकरला तीन-चार शिट्ट्या, कांदा-लसूण-खोबऱ्याचं वाटण, झालं. उरला तर सकाळी वर शेव टाकून पोळीबरोबर, इंदूरात शेवेशिवाय काय खरंय!

टिकायला दोन्ही कोरड्या डब्यात महिनोन् महिने.

ज्यांना रश्शात चावायला काहीतरी लागतंच त्यांनी बडी घ्या, भाऊ त्यातलाच. साधं जेवायचं म्हणून लेंट पाळताय, शिवाय ऑफिसातून दमून येताय, तर मसूर. मी मसूरवालीच, बडी फक्त रविवारी, पाहुणे आले तर.