गजाआडची दहावी: मुक्त विद्यालयाची सोय कितपत उपयोगी?

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी कारागृहात कशी चालते, हे एका मध्यवर्ती कारागृहात दोन वर्षे आठवड्यातून दोनदा गणित आणि मराठी शिकवताना मी जवळून पाहिले. कारागृहाचे नाव मुद्दाम देत नाही.

या सोयीचा सर्वांत मोठा गुण तिच्या ढिलाईत आहे. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे चालतो, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याला हे आळसाला निमंत्रण वाटेल. पण कोर्टाची तारीख, दुसऱ्या कारागृहात बदली किंवा अचानक मिळालेला जामीन यांपैकी कशानेही ज्याचे वर्ष मोडू शकते, त्याच्या दृष्टीने हीच खरी शाळा ठरते. आपल्या देशातील कारागृहांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे न्यायाधीन बंदी (खटल्याचा निकाल अजून न लागलेले कच्चे कैदी) आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या ढिलाईची किंमत कळते. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेल्यांनाही येथे अडचण येत नाही, कारण दहावीसाठी पुरेसा अभ्यास झाला असल्याचे स्वतःचे लेखी निवेदन चालते. पाच विषय पुरतात, माध्यम मराठी घेता येते आणि गणित सक्तीचे नाही.

तरीही माझ्या वर्गातील अकरापैकी सात जणांनी गणितच घेतले. कंपासपेटीतील टोकदार कर्कटक आत नेण्यास मनाई असल्यामुळे आम्ही वर्तुळे शिवणाच्या दोऱ्याला पेन्सिल बांधून काढत असू. पन्नाशीतील एक गृहस्थ (त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत) दोऱ्याचे टोक अंगठ्याखाली इतके घट्ट दाबून धरत की वर्तुळ पुरे होईपर्यंत त्यांचे नख पांढरे पडलेले असे.

उणिवा बऱ्याच आहेत. पुस्तके एकट्याने वाचून समजावीत अशी बेतलेली असली, तरी चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला त्यांतील मराठी जड जाते. गृहपाठाला २० टक्के गुण आहेत, पण संध्याकाळची गणती होऊन बरॅक बंद झाल्यावर एका मंद दिव्याखाली तीस-चाळीस माणसांत बसून तो लिहायचा असतो. माझा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आमच्या दोन पुस्तकांचे गठ्ठे गेटवरच्या तपासणीत सहा आठवडे पडून राहिले, आणि ऑक्टोबरची परीक्षा तोंडावर आली तेव्हा कुठे हाती लागले. यात दोष शिक्षणसंस्थेचा नव्हे. टेबलावरचा गठ्ठा उचलण्याची जबाबदारी कोणाची, हे शेवटपर्यंत ठरलेच नाही.

शिक्षाधीन बंद्यांना (शिक्षा झालेल्या कैद्यांना) महाराष्ट्रात शिक्षण पूर्ण केल्यास शिक्षेत ९० दिवसांपर्यंत माफी मिळू शकते, त्यामुळे काही जण निव्वळ तेवढ्यासाठी नाव घालतात. माझी त्याला हरकत नाही. क्लासला येणाऱ्या बाहेरच्या मुलांचे हेतू तरी कुठे इतके शुद्ध असतात?

आत असलेल्या आपल्या माणसासाठी कोणी विचारणार असेल, तर सांगेन की पहिल्या वर्षी दोनच विषयांची परीक्षा द्यावी, त्यांतील एक मराठी ठेवावा, आणि मुलाखतीला (कारागृहातील भेटीला) जाताना पुस्तके पोचली का, हे दर वेळी विचारावे. मामा तिसऱ्या प्रयत्नात गणितात ३८ गुणांनी सुटले. गुणपत्रिकेवर कारागृहाचा उल्लेख कुठे नाही ना, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.