पोलिसांविषयीचं मत: सर्वेक्षण की गस्तीवर निरीक्षण?

सर्वेक्षण हजारोंपर्यंत पोहोचतं. पण ‘पोलिसांवर विश्वास आहे का?’ एवढंच विचारलं तर बातम्या आणि ऐकीव गोष्टींवर बनलेलं मत हाती येतं. म्हणून आधी विचारावं: गेल्या 12 महिन्यांत संपर्क आला का, कोणी साधला? मग त्या प्रसंगाबद्दल: म्हणणं ऐकून घेतलं का, कारण सांगितलं का?

गस्तीवरचं निरीक्षण, म्हणजे पोलिसांसोबत फिरून नोंदी घेणं, खर्चिक आणि संथ, तरी रोजचं पोलीसकाम तिथेच दिसतं: भांडणं मिटवणं, वाट पाहणं, कागदपत्रं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अल्बर्ट राइस यांनी 1966 मध्ये बोस्टन, शिकागो, वॉशिंग्टनमध्ये 36 निरीक्षक पाठवले होते. मात्र सोबत परका असला की पोलीस सांभाळून वागतात. म्हणून सुरुवातीच्या पाळ्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. आणि अडवलेल्या माणसाला काय वाटलं, ते त्यालाच विचारावं लागतं.