सासूबाईंची लुगडी: गोधडी की बोहारीण?

सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला आणि शेजारच्या वहिनींचं बिऱ्हाड कोथरूडच्या दोन खोल्यांत आलं. सोबत सासूबाईंच्या लुगड्यांची ट्रंक. परवा त्यांनी विचारलं, "गोधडी शिवून घेऊ की बोहारणीला देऊन टाकू?"

जागेचं आधी बघू. बोहारणीला दिलं की ट्रंक रिकामी. गोधडीत चार-पाच लुगडी सहज जिरतात, पण ती ठेवायलाही जागा लागतेच. खर्चात बोहारीण बरी, बदल्यात एखादं पातेलं मिळतं. गोधडीला शिलाई मोजावी लागते.

टिकण्याचं मात्र सगळं कापडावर आहे. सुती लुगडं जितकं धुतलेलं तितकं मऊ, धावदोऱ्यात छान बसतं. रेशमी नको. वहिनींनी हिरवं लुगडं उलगडलं तर ते प्रत्येक घडीवर चिरलेलं, आणि आतून डांबरगोळ्यांचा वास. असं रेशीम टाका धरत नाही. काठाची जरतार खरी चांदीची असेल, तर देण्याआधी सराफाला दाखवा. आणि हो, पुण्याच्या पावसाळ्यात धुतलेली गोधडी लवकर वाळत नाही.

मनाचं काय? बोहारणीच्या गाठोड्यात गेलेलं लुगडं परत येत नाही. मला ते फार लागतं. म्हणून मी आईची तीन ठेवली, बाकीची दिली.

गोधडी रोज अंगावर घेणार असाल, घरात नातवंडं असतील, तर सुती लुगड्यांची जरूर शिवा. नुसती कपाटात पडून राहणार असेल, तर बोहारणीला द्या. हिरव्याचा पदर तेवढा कापून ठेवा, वहिनी.