लाडका भाऊ योजना : पैसे खरे, ट्रेनिंग नशिबावर

5 पैकी 3 स्टार, त्यातले 2 निव्वळ पैशाचे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना म्हणजे तेच आपलं लाडका भाऊ: सरकारी ऑफिसात नाहीतर कंपनीत सहा महिने काम शिकायचं, महिन्याचे पैसे सरकार देणार. जुलै 2024 मध्ये जीआर निघाला आणि आमच्या नागपुरात, मानेवाड्यात सायबर कॅफेवर गर्दी झाली. 18 ते 35 वय, डोमिसाईल, आधार जोडलेलं खातं, महास्वयं पोर्टलवर नोंदणी. बारावीवाल्याला महिन्याला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, ग्रॅज्युएटला 10000. पैसे डायरेक्ट खात्यात, मधात कोणी दलाल नाही, हे मानलंच पाहिजे.

फक्त हजेरी चढवायची ऑफिसवाल्यांनी. मी होतो त्या सरकारी ऑफिसात (नाव घेत नाही) लॉगिन एकाच मॅडमकडे, त्या सुट्टीवर गेल्या की आमचे पैसे पण सुट्टीवर.

आता ट्रेनिंग. मी बीकॉम, पण हातात आलं आवक-जावक रजिस्टर, झेरॉक्स, आणि एक्सेलमध्ये नावं भरणं. कॅशबुक कसं लिहितात दाखवा ना म्हटलं तर मोठे बाबू म्हणे, "तुले काहून पाहिजे बे, सहा महिन्यात तं जाशील तू." माणसं वाईट नव्हती, चहा रोज पाजायचे, पण आलेल्या पोराला शिकवायचं हे तिथं कोणाचंच काम नव्हतं आणि काय शिकवायचं याचा एक कागदही नव्हता. 2025 मध्ये सहाचे अकरा महिने केले, तरी रजिस्टर तेच. मग कायम करा म्हणून पोरं आंदोलनाला बसली, त्यात नवल काय.

याच योजनेत माझा दोस्त, श्रद्धानंद पेठेच्या आयटीआयचा फिटर, नागपूरबाहेरच्या बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत लागला. तिथं मशीन बंद पडली की त्याला मेंटेनन्सवाल्याच्या सोबत उभं करायचे, बेअरिंग बदल, अलाइनमेंट बघ, ड्रॉइंग वाच, आणि शेवटी कंत्राटावर का होईना पण ठेवून घेतलं. कंपनीला त्याची गरज होती, आमच्या ऑफिसला फुकटचा हात पाहिजे होता, बस एवढाच फरक. अर्थात सरकारच्या पैशावर बॅचमागून बॅच फिरवणाऱ्या कंपन्याही आहेत म्हणतात.

आणि योजना यशस्वी झाली हे ठरवतात कशावरून? किती पोरं लावली त्यावरून. नंतर कुठं आहेस, कमावतोस का, हे विचारायला मला तरी आजवर एक फोन आला नाही.

आयटीआयच्या ट्रेडवाल्यांनो, अप्रेंटिसशिप मिळत असेल तर आधी ती घ्या, परीक्षा पास झालात की एनएसी (अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र) मिळते, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची भरती निघाली की ती कामात येते. नाही मिळाली तर लाडका भाऊ घ्या, पण कंपनीतच, आणि जॉइन व्हायच्या आधी कोणत्या मशीनवर, कोणाच्या हाताखाली ते विचारा. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी ऑफिस मिळालं तर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा खर्च निघेल एवढंच समजा. आणि बुटीबोरी घेत असाल तर कंपनीची बस आहे का ते पक्कं करा, मेट्रो खापरीपर्यंतच जाते, पुढं 8000 मधला बराचसा पेट्रोलमध्ये जाते.