आयडी घ्यायची की फँटसी ॲपवरच राहायचं? दोन्ही वापरून झाल्यावर सांगतो

आयपीएल जवळ आली की आमच्या इथं अक्कलकोट रोडला, एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर एकच विषय असतो, आयडी (म्हणजे क्रिकेटवर सट्टा लावायच्या साइटचं लॉगिन, एजंट व्हॉट्सॲपवर देतो) कुठली भरवशाची आणि पैसे खरंच देतात का. मागच्या आठवड्यात मेहुण्यानं पण तेच विचारलं, म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी दोन्ही वापरलंय. फँटसी ॲप (खऱ्या खेळाडूंची आपली टीम लावून पैशाच्या कॉन्टेस्टमध्ये उतरायचं) २०२१ पासून, आणि व्हॉट्सॲपवरची आयडी २०२३ च्या वर्ल्ड कपला, साधारण दीड महिना. भाव, सेशन, टीम कशी लावायची हे ज्याचं त्याला माहितीय, त्यात जात नाही.

आधी आयडीचं चांगलं ते सांगतो, कारण लोक तिकडं का जातात हे मला कळतं. पॅन नको, आधार नको, एक मेसेज टाकला की पाच मिनिटात लॉगिन येतं. पहिला विड्रॉल मी ८०० चा टाकला तर गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी होती तेवढ्यात पैसे जमा. नंतर २,५०० पण तसेच आले. फँटसीवर पहिल्या वेळी पॅन द्या, बँक खातं व्हेरिफाय करा, मग थांबा, मला तर पूर्ण एक दिवस लागला होता. वर एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस, म्हणजे कर आधीच कापून घेणार. तेव्हा मला वाटायचं की ही आपल्याच पैशाला लावलेली कात्री आहे.

त्याच वर्ल्ड कपच्या मध्यात, ५ नोव्हेंबर २०२३ ला, केंद्र सरकारनं महादेव बुकसकट सट्ट्याच्या २२ ॲप आणि वेबसाइट बंद करायचे आदेश दिले. मी एजंटला विचारलं तर म्हणाला, आपलं त्यात नाही ओ, बिनधास्त खेळा. दोन दिवसांनी लिंक बदलून आली. डिपॉझिटला तर दर वेळी नवीन खातं द्यायचा, कधी कुणा बाईच्या नावाचं, कधी कुठल्या ट्रेडर्सचं. मी हिशोबाचंच काम करतो, कारखान्यात अशा नावानं एक बिल आलं तरी दहा प्रश्न विचारतो, आणि इथं एक प्रश्न विचारला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय झाला ती. वर्ल्ड कप संपताना मी उरलेले ६,२०० काढून घेतले, अर्ध्या तासात आले, विषय संपला असं धरून चाललो. डिसेंबरात पगार झाला, सकाळी दुकानात क्यूआर स्कॅन केला तर पेमेंट फेल. दुसऱ्यांदा फेल. बँकेत गेलो तर कळलं की खातं होल्डवर आहे, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडून आलंय. ज्या खात्यातून मला ते ६,२०० आले होते, त्याच खात्यात कुणातरी फसवलेल्या माणसाचे पैसे जमा झाले होते. त्या माणसानं १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली, आणि मग त्याचे पैसे ज्या ज्या खात्यात फिरले ती सगळी साखळी धरली जाते. त्या साखळीत मी. म्हणजे हा एजंट एकाचे लुटलेले पैसे दुसऱ्याला जिंकलेले म्हणून वाटत होता आणि ते माझ्या पगाराच्या खात्यात येऊन बसले होते.

अडीच महिने लागले ओ. पहिले काही दिवस तर पूर्ण खातं बंद, नंतर अर्ज-विनंत्या करून फक्त ६,२०० वर होल्ड राहिला. पोराची फी भावाकडून घेऊन भरली. आणि पैशापेक्षा अवघड काय गेलं सांगतो, त्या पोलिसांना मेलवर लिहून द्यायचं होतं की ही रक्कम कशाबद्दल मिळाली. काय लिहिणार? बिल नाही, समोरच्याचं नाव माहीत नाही, एजंटनं तर नंबरच ब्लॉक केलेला. शेवटी खरं तेच लिहिलं. बायकोला सांगून मग लिहिलं.

हे झाल्यावर मी फँटसीचं जुनं स्टेटमेंट काढून बघितलं. प्रत्येक एंट्रीला त्याच कंपनीचं नाव, आणि ज्या टीडीएसवर मी चिडायचो तो २६ एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या करकपातीच्या तक्त्यात, ओळीनं दिसतोय. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद आहे. तेव्हापासून भरवसा म्हणजे पैसे किती मिनिटात येतात हे मी बघत नाही, कुणाच्या खात्यातून येतात ते बघतो. आयडीवाले परदेशी लायसन्सचा शिक्का दाखवतात, कुराकाओचा वगैरे, पण तो खरा धरला तरी इथल्या एजंटनं पाठवलेल्या पैशाची जबाबदारी त्यावर कुणी घेत नाही.

फँटसीनं मला श्रीमंत केलं असं अजिबात नाही. वर्षाचे चार-पाच हजार तिथं पण गेलेत, मेगा कॉन्टेस्टमध्ये लाखो टीमा असतात, त्यात आपलं काय होणार. टॉसच्या वेळी ॲप अडकायचं ते वेगळंच.

आणि आता तर चित्रच बदललंय. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली, स्किल असो की नशीब, पैसे लावून खेळायचं सगळंच त्यात बंद. मोठ्या फँटसी ॲपनी त्याच दोन-तीन दिवसात कॅश कॉन्टेस्ट थांबवले. माझे १,१४० राहिले होते, ते मागितले आणि गपचूप खात्यावर आले, माझ्यापुरता हा हिशोब तिथंच मिटला. आता उरलंय ते फुकटचं फँटसी.

मेहुणा म्हणतो, त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाहीये, मग आयडी घ्यायला काय हरकत. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे बरोबर. पण माझं खातं खेळलो म्हणून गोठलंच नव्हतं, ते आलेल्या पैशामुळं गोठलं. ती भीती आज पण तेवढीच आहे, उलट आता अशी उघड कंपनीच उरली नाही, सगळं परक्या खात्यांवर चालतं. जुळे सोलापुरात माझ्या ओळखीचा एकजण दोन वर्षं आयडीवर आहे, त्याला आजवर काही झालं नाही, हे पण सांगायला पाहिजे. तुमचा अनुभव तसा असू शकतो. मी मात्र पगाराच्या खात्यावर ते परत येऊ देणार नाही. आम्ही कारखान्यातले अकराजण फुकटच्या कॉन्टेस्टवर टीम लावतो, पॉइंट मी वहीत लिहून ठेवतो.

ज्यांनी आधीच आयडी घेतलीय आणि पैसे अडकलेत त्यांना एकच, ते सोडवायला टर्नओव्हर (अजून इतक्याचा खेळ करा मगच पैसे निघतील) किंवा टॅक्स म्हणून वरून पैसे मागतील, एक रुपया टाकू नका. आणि खातं होल्डवर गेलंच तर बँकेतून तक्रारीचा नंबर आणि पोलीस ठाण्याचं नाव आधी लिहून घ्या, मला तेवढंच मिळवायला नऊ दिवस लागले होते.