पाढे, चौकट की उभी मांडणी? तिसरी-चौथीच्या पालकांसाठी

२३ × १४ चं उत्तर ११५ आलं की घरोघरी एकच निदान होतं: पाढे कच्चे आहेत. पण वहीतली उभी मांडणी नीट बघा. २३ चोक ९२ बरोबर, २३ एके २३ बरोबर. दुसऱ्या ओळीत एककाखाली फुली मारायची राहिली, म्हणून ९२ अधिक २३ झाले. पाढे पक्के आहेत, पण १४ मधला १ म्हणजे दहा, हे डोक्यात नाही. अशा मुलाला आणखी पाढे घोकायला लावू नका.

त्याला चौकट द्या: दोन्ही संख्या फोडायच्या आणि प्रत्येक तुकड्यांचा गुणाकार वेगळ्या घरात लिहायचा. २३ चे २० आणि ३, १४ चे १० आणि ४. चार घरांत २००, ८०, ३०, १२ आणि बेरीज ३२२. एका घरातच दोनशे आले, मग ११५ कसे, हे मूल आपणहून विचारतं. मराठी मुलांना आणखी एक फायदा होतो. ‘त्रेसष्ट’ म्हणताना आपण तीन आधी, साठ नंतर उच्चारतो, म्हणून कितीतरी मुलं ६३ चे ३६ लिहितात. ६० आणि ३ असं फोडून लिहिलं की ती चूक लगेच सापडते.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांना एवढंच सांगावंसं वाटतं: भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त १३५ × १२ हे उदाहरण १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करूनही सोडवलं आहे. १०८० अधिक ५४०, म्हणजे १६२०.

चौकटीला वेळ मात्र लागतो. तीन अंकी गुणिले दोन अंकी म्हटलं की सहा घरं आणि लांबलचक बेरीज. शिष्यवृत्तीच्या पेपरात ते परवडत नाही, तिथे उभी मांडणीच हवी. माझ्या मते तिसरीत चौकट, चौथीत दोन्ही शेजारी-शेजारी, आणि फुली का मारतो हे मुलाला सांगता आलं की चौकट सोडून द्यावी.

पाढ्यांना पर्याय नाही. फक्त ‘सात आठे’ विचारल्यावर मूल ‘सात एके सात’पासून सुरू करत असेल, तर त्याला चाल पाठ आहे, पाढा नाही. मधूनच विचारा, उलटंही विचारा: ५६ मध्ये ७ किती वेळा? भागाकाराची निम्मी तयारी यातच होते.

भागाकारात मी निःसंकोच आधी गठ्ठे काढायला शिकवते. माझ्याकडे संध्याकाळी येणारी एक मुलगी ८१६ ÷ ४ चं उत्तर २४ लिहायची. उभ्या मांडणीत १ खाली घेतला, त्यात ४ जात नाही, म्हणून ६ पण घेतला. भागाकारात शून्य द्यायचं राहून गेलं. दहादा सांगून उपयोग झाला नाही. मग विचारलं, ८१६ रुपये चौघींत वाटायचेत, आधी प्रत्येकीला किती देशील? ‘दोनशे.’ ८०० गेले, १६ उरले. ‘अजून चार-चार.’ तिने २०० खाली ४ लिहिले, बेरीज केली आणि जुन्या उत्तरातल्या २ आणि ४ च्या मध्ये स्वतःच शून्य घातलं.