गरम इंजिन दाखवून विकलेली मिनी रेसिंग मोटारसायकल

गेल्या डिसेंबरात मी माझ्या बारा वर्षांच्या मुलासाठी एक जुनी टू-स्ट्रोक मिनी रेसिंग मोटारसायकल ५८ हजार रुपयांना विकत घेतली आणि तिसऱ्याच रविवारी ती कायमची बंद पडली. जुन्या यंत्रात बिघाड निघायचाच, असे म्हणून मी गप्प बसलो असतो; परंतु इंजिन खोलल्यावर जे दिसले, त्यावरून हा बिघाड आधीपासूनचा होता आणि तो जाणूनबुजून झाकून मला विकला गेला, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. माझे यंत्र ज्या भिंतीसमोर, ज्या निळ्या ताडपत्रीवर उभे करून मला दाखवले होते, तेथेच उभ्या केलेल्या दुसऱ्या एका मिनी बाइकची जाहिरात मागच्या महिन्यात माझ्या पाहण्यात आली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझा तक्रार अर्ज पोलिसांकडे असल्यामुळे विकणाऱ्याचे नाव मी येथे देत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हापासून मुलाच्या डोक्यात हे वेड शिरले. व्हॅलेंटिनो रॉसीसारखे शर्यतपटू लहानपणी मिनीमोटो चालवून तयार झाले, हे त्याने कुठेतरी वाचले आणि वर्षभर त्याने दुसरे काही मागितले नाही. मिनीमोटो म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीची, साडेसहा इंची रिमची, जेमतेम वीस-पंचवीस किलो वजनाची शर्यतीची मोटारसायकल. तिला ४९ सीसीचे टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागणारे, इंजिन असते, ते दोरी ओढून सुरू करायचे असते, गिअर नसतात आणि क्लच वेग वाढला की आपोआप धरतो. इटलीची पोलिनी आणि चेक प्रजासत्ताकाची ब्लाटा या कंपन्या अशी खरोखरच शर्यतीच्या दर्जाची यंत्रे बनवतात. त्यांच्या दिसण्याची नक्कल केलेली चिनी यंत्रेही बाजारात भरपूर आहेत. रस्त्यावर हे यंत्र कधीच न्यायचे नाही, रावेरकडे माझ्या मेहुण्यांचे केळीचे पॅकिंग हाउस आहे, त्याच्या काँक्रीटच्या आवारातच चालवायचे, असे आमच्या घरात ठरले होते.

माझे घरचे पहिले वाहन लुना होते आणि कॉलेजची तीन वर्षे मी जळगावात यामाहा आरएक्स १०० चालवली. टू-स्ट्रोकचा आवाज मला कळतो, असा माझा पक्का समज होता, आणि त्या समजापायीच मी सोबत मिस्त्रीला नेले नाही. ही माझी पहिली चूक आणि माझ्या मते सर्वांत मोठी.

विकणारा धुळ्याच्या बाहेर, महामार्गालगतच्या एका वस्तीत राहत होता. आम्ही सकाळी जळगावहून निघालो. एरंडोलला त्याचा फोन आला, "भाऊ, कुठपर्यंत आले?" पारोळा ओलांडल्यावर पुन्हा आला. मला त्याची आस्था वाटली. हे फोन आमच्या काळजीसाठी नव्हते. इंजिन नेमके केव्हा तापवून ठेवायचे, याचा तो हिशेब होता, हे मला फार उशिरा उमगले. आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र ताडपत्रीवर उभे होते आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या, ते थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांना हात लावला तेव्हा चटका बसला. "आताच पोराने चक्कर मारली," असे तो म्हणाला आणि त्याने दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झाले.

टू-स्ट्रोक इंजिन थंड असताना पाहण्याचे कारण असे, की ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन झिजले असतील तर थंडपणी पिस्टन सैल असतो आणि ब्लॉकच्या भिंतीवर आपटून खडखड करतो. इंजिन तापले की पिस्टन फुगतो आणि तो आवाज बराचसा दबतो. डिसेंबरची थंडी होती, खानदेशात त्या दिवसांत सकाळी चांगलाच गारठा असतो. तशा हवेत थंड इंजिन सुरू करून पाहिले असते तर पहिल्या मिनिटातच सारे उघड झाले असते. मी एवढेच म्हणायला हवे होते की आम्ही चहा घेऊन, जेवून दोन तासांनी येतो, तोपर्यंत इंजिनाला हात लावू नका. मी तसे म्हटले नाही.

धूर खूप होता. "ऑइल जरा जास्त घातले आहे, इंजिन जपायला," असे त्याने सांगितले आणि ते मला पटलेही, कारण ऑइल कमी घालून इंजिन जाम करणारे लोक मी पाहिले होते. आणखी एक गोष्ट माझ्या कानाला खटकली होती आणि तिचेच मला आज सर्वाधिक वाईट वाटते. त्याने एक्सिलेटर पिळून सोडला, तेव्हा इंजिनाचा वेग लगेच खाली आला नाही. तो काही क्षण वरच रेंगाळला आणि मग हळूहळू उतरला. मी विचारले, तेव्हा रेसिंगचे ट्यूनिंग असेच असते, असे उत्तर मिळाले. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या बंद पेटीत, येते आणि तेथून सिलिंडरमध्ये जाते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकांची ऑइल सील गेली किंवा क्रँककेसला तडा असला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि ऑइल पेट्रोलातूनच येत असल्याने वंगणही कमी पडते. रेंगाळणारा वेग हे त्याचे ठळक लक्षण आहे. असे इंजिन चालते, जोरातही पळते, आणि मग एके दिवशी तापून त्याचा पिस्टन सिलिंडरमध्येच अडकून बसतो.

सायलेन्सरचे दोन नट काढून आत पाहू द्या, अशी विनंती मी केली होती, हे येथे नमूद करतो. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनची बाजू समोर दिसते. मोबाइलचा टॉर्च लावून दोरी हळूहळू ओढली की पिस्टनवर उभ्या चरा आहेत की नाहीत, ते स्पष्ट कळते. पाच मिनिटांचे काम आहे. "पॅकिंग फुटेल, इटलीचे पॅकिंग इथे मिळत नाही," असे सांगून त्याने ते टाळले. मुलगा तेव्हा हेल्मेट घालून यंत्रावर बसलेला होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी आग्रह सोडला. प्लग मात्र त्याने आनंदाने काढून दाखवला, तो कोरा करकरीत होता; कोऱ्या प्लगवरून इंजिनाची आतली स्थिती काहीच कळत नाही, हे लक्षात घेऊन जुना प्लग मागायला हवा होता. पाच हजार रुपये मी आधी टोकन म्हणून मोबाइलवरून पाठवले होते, उरलेले ५३ हजार त्याच्या हातात रोख दिले. त्याने एका कागदावर "मिनी बाइक विकली, पैसे मिळाले" एवढेच लिहून सही केली, सोबत परदेशातून माल आणल्याच्या एका पावतीची झेरॉक्स दिली, आणि प्रेमाने दोन लिटर तयार मिश्रणाची बाटली गाडीच्या डिकीत ठेवली.

पहिल्या रविवारी त्या बाटलीतल्या मिश्रणावर यंत्र उत्तम चालले. दुसऱ्या रविवारी मी स्वतः मिश्रण केले, एका लिटर पेट्रोलला ४० मिली चांगले टू-टी ऑइल, म्हणजे पंचवीसला एक, आणि त्या दिवशी दोरी ओढून ओढून हात दुखले, सुरू झाल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखा आवाज येत राहिला. तिसऱ्या रविवारी आवाराच्या टोकाला वळण घेऊन मुलगा सरळ येत असताना एक कर्कश किंचाळी ऐकू आली आणि इंजिन बंद पडले. इंजिनाचा वेग पडताच क्लच आपोआप सुटला, त्यामुळे मागचे चाक अडकले नाही आणि मुलगा घरंगळत माझ्यापर्यंत आला. गिअरच्या गाडीत इंजिन असे धरले असते तर चाक जागीच थांबले असते. तो प्रसंग आठवला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

मी फोन केला, तेव्हा विकणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो ऑइलच्या प्रमाणाचा. पंचवीसला एक म्हणताच, "तिथेच चुकले भाऊ, माझ्या बाटलीसारखे घट्ट करायचे होते," असे म्हणून त्याने सारा दोष माझ्यावर टाकला. दोन दिवसांनी त्याने फोन उचलणे बंद केले.

इंजिन आमच्याकडील एका वयस्कर मिस्त्रींनी खोलले. ते मूळचे अमळनेरकडचे, लुना आणि राजदूतवर त्यांचे आयुष्य गेलेले. ब्लॉक उचलताच त्यांनी पिस्टन माझ्या हातात दिला. एक्झॉस्टच्या बाजूला बोटाच्या नखाला लागतील अशा उभ्या चरा होत्या, त्यांपैकी काही ताज्या आणि चकचकीत, पण बहुतेक काळ्या पडलेल्या, काजळीने भरलेल्या. "भाऊ, हाऊ पिस्टन आधीच जाम व्हयेल शे," असे ते म्हणाले. नव्याने पडलेली चर काळी नसते, एवढे मलाही कळत होते. मग त्यांनी ती बाटली मागितली, तळाशी उरलेले मिश्रण दोन बोटांवर चोळले आणि हुंगायला लावले. त्याला गंधकाचा उग्र वास येत होता. ते टू-टी ऑइल नव्हते, गिअरचे जाड ऑइल होते. जाड ऑइलाने पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांची फट भरून निघते, दोरी घट्ट लागते आणि पिस्टनचा आवाज दबतो. पहिल्याच ओढीला सुरू होणाऱ्या त्या इंजिनाचे रहस्य हेच होते. क्रँककेसच्या खालच्या अंगाला चंदेरी रंगाखाली एम-सीलने भरलेला तडा निघाला. त्या बनावटीचे नवे चिनी यंत्र मी दिलेल्या रकमेपेक्षा स्वस्त मिळते, हेही त्यांनीच दाखवले; इटलीचे होते ते फक्त स्टिकर.

पैशाचे मी एक वेळ सोडून दिले असते. परंतु मिस्त्रींनी हँडलच्या मुळाशी, जेथे ते पुढच्या फोर्कला जोडले जाते तेथे, रॉकेलचा बोळा फिरवला आणि काळ्या रंगाखालून वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा वर आला. सांध्याच्या अर्ध्या घेराला केसाएवढी भेग होती. या यंत्रावर बारा वर्षांचे मूल बसणार आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक होते. माझा मुलगा त्याच्यासमोरच त्यावर बसला होता आणि त्याने स्वतःच्या हाताने त्याच्या हेल्मेटचा पट्टा नीट करून दिला होता. इंजिन लपवणे ही लबाडी आहे. हँडल लपवणे याला मी वेगळा शब्द वापरतो, तो येथे लिहीत नाही. म्हणून कोणीही असे यंत्र पाहायला गेले तर इंजिनाच्याही आधी हँडलचे मूळ, फोर्क आणि चेसिसचे सांधे रॉकेलने पुसून पाहावेत, आणि जेथे रंग बाकीच्या भागापेक्षा नवा दिसेल तेथे तो खरवडू देण्यास विकणारा नकार देत असेल तर तेथूनच परत फिरावे.

कागदपत्रांबाबत त्याने मला जे सांगितले होते, तेही खोटे होते. "हे खेळणे आहे, याला पासिंग लागत नाही," हे वाक्य असे यंत्र विकणारे सर्रास वापरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतचे वाहनच मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेले आहे. ४९ सीसीचे यंत्र वगळलेले नाही. नोंदणीशिवाय ते सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही, ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवायलाही वयाची सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गुन्हा केला तर २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गल्लीतल्या गल्लीत एक फेरी, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे आधी वाचावे. कागद लागत नाही, या सबबीखाली आणखी एक गोष्ट झाकली जाते: झेरॉक्सवर चेसिसचा जो क्रमांक होता, तो यंत्रावर कुठेच नव्हता, क्रमांकाची जागा कानशीने घासून वर रंग मारलेला होता. हे यंत्र मुळात कोणाचे होते, हे मी आजही सांगू शकत नाही.

पोलीस ठाण्यात फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील अर्ज मी दिला आहे. तेथे पहिल्यांदा विचारले गेले ते पावतीविषयी, आणि माझ्या पावतीवर ना यंत्राचा क्रमांक आहे, ना पूर्ण रक्कम, ना विकणाऱ्याचा पत्ता. रोख दिलेल्या ५३ हजारांचा पुरावा माझ्याकडे नाही. पुराव्यादाखल उपयोगी पडताहेत ते मोबाइलवरून गेलेले पाच हजार आणि जाहिरातीचे मी सहज काढून ठेवलेले छायाचित्र. सारी रक्कम बँकेतूनच दिली असती आणि कागदावर "इंजिन खोललेले नाही, वेल्डिंग नाही" असे त्याच्याकडून लिहून घेतले असते, तर त्याने बहुधा सहीच केली नसती आणि सौदा तेथेच मोडला असता.

यंत्र सध्या माझ्या दुकानाच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवले आहे, बाटलीला लाख लावून ती शेजारी ठेवली आहे. ब्लॉक-पिस्टन बदलून ते विकून टाकण्याचा सल्ला अनेकांनी दिला, एकाने तर तीस हजारांचे गिऱ्हाईकही आणले. मी नाही म्हणालो. पोत्यात भरण्यापूर्वी मुलाने लाल ऑइलपेंट आणला आणि उद्या ते कोणाच्या हाती लागले तरी दिसावे म्हणून पेट्रोलच्या टाकीवर आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना जाड अक्षरांत लिहिले: हँडल तुटलेले आहे, बसू नये.